डीपीचा सूर कोणता?

एक कोरा कागद पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात द्यायचा आणि वर्गाला सांगायचं, हा शेवटच्या बाकापर्यंत पोचवा, पण त्याचा आवाज होऊ देऊ नका. ऐकायला किरकोळ काम वाटतं. पण कागद ही फार बोलकी वस्तू आहे. बोटांची पकड जरा ढिली झाली की तो फडफडतो, घट्ट झाली की त्याची कड कुरकुरते. दोन-तीन बाकांतच सगळी मुलं श्वास आवरून कागदाकडे बघायला लागतात आणि मग गंमत होते. कागद गप्प असतो तेव्हा बाकीचं सगळं ऐकू यायला लागतं. पंख्याचं कुठेतरी घासणारं पातं, शेजारच्या वर्गातले पाढे, रस्त्यावर मागे येणाऱ्या टेम्पोची पिपाणी, कुणाच्या तरी पोटातली गुडगुड. आपण इतका वेळ केवढ्या आवाजात बसलो होतो, हे वर्गाला गप्प बसल्यावरच कळतं.

हा खेळ कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांचा. 1933 साली ओंटारियो प्रांतातल्या सार्निया गावी जन्मलेले शेफर 2021 मध्ये गेले. मधल्या काळात त्यांनी मोठमोठ्या रचना केल्या, पण जगभरचे शिक्षक त्यांना ओळखतात ते 1967 च्या 'इअर क्लीनिंग' या लहानशा पुस्तकामुळे. सूर-ताल शिकवण्याआधी कान साफ करायचे, असा त्यांचा सरळ हिशोब होता. त्यांचा गृहपाठही तसाच असे: उद्या येताना एक वेधक आवाज घेऊन या. कल्पना करा, दप्तरात आवाज भरून आणायचा म्हणजे मुलाला आदल्या दिवशी सगळ्या घराकडे, अंगणाकडे, स्वयंपाकघराकडे कान लावून बसावं लागणार.

शेफर तेव्हा व्हँकूवरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात शिकवत होते. गोंगाटाविरुद्ध तक्रार करणं सोपं आहे, पण तक्रारीने माणूस कान बंद करायला शिकतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी प्रश्न फिरवला: यातले कुठले आवाज आपल्याला जपायचे आहेत? त्यातूनच 'वर्ल्ड साउंडस्केप प्रोजेक्ट' उभा राहिला. तरुण संगीतकारांची ही टोळी ध्वनिमुद्रक घेऊन आधी व्हँकूवरमध्ये हिंडली आणि 1975 मध्ये युरोपातल्या पाच गावांत गेली. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या लेस्कोनिल या मासेमारीच्या गावात त्यांना आढळलं, की दिवसभरात वारा जसजशी दिशा बदलतो तसतसे वेगवेगळ्या बाजूंचे दूरचे आवाज गावात येतात आणि कोळ्यांना हे वेळापत्रक ठाऊक असतं. आपल्याकडे तिसरी-चौथीत 'परिसर अभ्यास' नावाचा विषय आहे. त्यातला परिसर बहुतेक वेळा डोळ्यांनी वाचायचा असतो. तोच परिसर शेफरनी कानांपुढे ठेवला.

परिसरातल्या आवाजांची त्यांची वर्गवारी कुठल्याही शाळेत चालेल. काही आवाज पाठीमागे सतत असतात आणि म्हणूनच ऐकू येत नाहीत. गायकाच्या मागे तंबोरा असतो तसे. समुद्राकाठी लाटा, घाटात वारा, शहरात रहदारी. काही आवाज लक्ष वेधण्यासाठीच असतात: शाळेची घंटा, रुग्णवाहिकेचा भोंगा. आणि काही त्या जागेची खूण असतात. ते गेले तर गाव ओळखू येणार नाही.

यातल्या पहिल्या प्रकाराबद्दल शेफरनी जे नोंदवलंय, ते वाचून मी चाटच पडलो. मन शांत करायच्या एका सरावात ते विद्यार्थ्यांना आतून सहज येईल तो सूर गुणगुणायला सांगत. अमेरिका-कॅनडातल्या विद्यार्थ्यांचा कल एका सुराकडे, युरोपातल्यांचा दुसऱ्याच सुराकडे. कारण भिंतीत दडलेलं होतं. अमेरिकेत वीज सेकंदाला 60 वेळा हेलकावे घेते, युरोपात 50 वेळा. दिवे, पंखे, फ्रीज, ट्रान्सफॉर्मर सगळे त्याच सुरात किंवा त्याच्या वरच्या सप्तकात गुणगुणत असतात, आणि त्या घरांत वाढलेल्या पोरांनी नकळत तोच षड्ज धरला होता. आपल्याकडेही वीज 50 हर्ट्झची. म्हणजे गावातल्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, घरघर एक सप्तक वर, मुख्यतः 100 हर्ट्झच्या आसपास. पेटीवर शोधायला गेलात तर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कुठेतरी, दोन पट्ट्यांच्या फटीत तो सूर सापडतो. सातवीच्या मुलांना कुंपणाबाहेर, लांब उभं करून डीपीचा सूर लावायला सांगा. मग घरी जाऊन फ्रीजचा. दोन्ही एकच निघाल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतील. एरवी ज्याला आपण शांतता म्हणतो, तिचीही एक पट्टी असते आणि ती वीज मंडळाने ठरवलेली असते!

आता पाऊस. वर्गात पाऊस पाडण्याचा खेळ बऱ्याच शिक्षकांना ठाऊक आहे. मुलं गोलात बसतात. शिक्षक तळहातावर तळहात चोळतात, शेजारचं मूल उचलतं, मग त्याच्या शेजारचं, आणि भुरभुर गोलातून फिरत येते. दुसऱ्या फेरीत चुटक्या, तिसऱ्या फेरीत मांड्यांवर थापा, मग पाय आपटणं, आणि उलट्या क्रमाने परत. डोळे मिटून बसलात तर सर एका बाजूने येते, डोक्यावर कोसळते आणि ओसरत निघून जाते. पत्र्याच्या छताखाली वाढलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो.

पण हे पावसासारखं ऐकू का येतं? एकाही मुलाच्या चुटकीचा आवाज थेंबासारखा नसतो. खुबी गर्दीत आहे. शेकडो बारीक आवाज एकमेकांशी काहीही संबंध न ठेवता पडत राहिले, की मेंदू एकेक आवाज मोजायचं सोडून देतो. किती दाट, किती टोकदार, वरच्या पट्टीत किती, खालच्या पट्टीत किती, एवढा ढोबळ हिशोब तो ठेवतो. जॉश मॅकडर्मॉट आणि इरो सिमॉन्सेली या संशोधकांनी 2011 मध्ये हे फार छान दाखवलं. खऱ्या पावसाच्या, आगीच्या, किड्यांच्या थव्याच्या ध्वनिमुद्रणातून त्यांनी फक्त असे आकडे काढले आणि संगणकाला सांगितलं, हे आकडे जुळतील असा कुठलाही नवा आवाज तयार कर. ऐकणाऱ्यांनी पाऊस बरोबर ओळखला. त्यात खरा थेंब एकही नव्हता.

म्हणूनच या खेळात शिक्षकाने एक चूक अजिबात करू नये: सगळ्यांना एका लयीत आणू नये. "चला, एक, दोन, तीन" म्हटलं की पाऊस तत्क्षणी थांबतो आणि कवायत सुरू होते. संगीताच्या तासाला आपण आयुष्यभर मुलांना एकसाथ यायला शिकवतो. पावसासाठी प्रत्येकाने स्वतःपुरतंच वाजवावं लागतं. ज्या मुलाला लय धरता येत नाही म्हणून नेहमी मागे बसवलं जातं, तो इथे पहिल्या दर्जाचा वादक ठरतो.

पावसाचा तास इथे संपत नाही. पाऊस स्वतः फार थोडा आवाज करतो. आवाज करतं ते ज्याच्यावर तो पडतो ते. कौल, पत्रा, सागाची वाळकी पानं, डांबर, भाताचं खाचर, प्लास्टिकचा कागद. पुढच्या सरीत मुलांना डोळे मिटून फक्त ऐकायला सांगा आणि पाऊस कशाकशावर पडतोय याची यादी करून घ्या. शाळेभोवती माती किती उरली आहे, हे त्या यादीतच लिहिलेलं असतं.

पाण्यात पडणाऱ्या थेंबाची कथा तर आणखी अजब. थेंब पाण्यावर आपटला म्हणून टप्प असा आवाज येतो, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. केंब्रिजचे अनुराग अगरवाल एका मित्राकडे राहिले होते. तिथे छत गळत होतं आणि खालच्या बादलीतला टपटपाट झोपू देत नव्हता. परत आल्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्यात व पाण्याबाहेर ध्वनिग्राहक लावून हा प्रकार तपासला आणि 2018 मध्ये निष्कर्ष छापले. थेंब आपटतो तो क्षण जवळजवळ मुका असतो. पाण्यात खळगा पडतो, तोही मुका. खळगा भरून येताना त्याच्या तळाशी हवेचा एक बारीकसा बुडबुडा अडकतो, आणि तो बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत गातो. तो पाण्याचा पृष्ठभागच थरथरवतो आणि तिथून आवाज आपल्या कानापर्यंत येतो. बुडबुडा केवढा असला की कुठला सूर लागतो, याचं सूत्र तर मार्सेल मिनार्ट या डच खगोलशास्त्रज्ञाने 1933 मध्येच मांडलं होतं. दोन मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 3,300 कंपनं करतो. मोठा बुडबुडा खालच्या पट्टीत, लहान वरच्या. ओढ्याची खळखळ म्हणजे अशा असंख्य लहानमोठ्या बुडबुड्यांचं समूहगान.

आता यातला शाळेत करण्यासारखा भाग. नळाखाली बादली ठेवा, थेंब थेंब पाणी पडू द्या, वर्गाला ऐकू द्या. मग बादलीत थोडा भांडी घासायचा लिक्विड साबण मिसळा. पृष्ठताण कमी होतो, बुडबुडा अडकत नाही आणि थेंब पडत राहूनही टपटप थांबू शकते. नदीत साबण-डिटर्जंट गेलं की काय होतं, याच्यावर पानभर माहिती वाचलेली मुलं ती दुसऱ्या दिवशी विसरतात. आपल्या डोळ्यांदेखत पाण्याचा आवाज गेला, हे विसरणं कठीण आहे.

इथे जरा कडू बोलतो. पर्यावरण आणि संगीत म्हटलं की आपल्याकडे बहुधा एकच गोष्ट होते. पाच जूनचा पर्यावरण दिन जवळ आला किंवा स्नेहसंमेलन आलं की एखाद्या घोषणेला चाल लावतात, हिरव्या कागदाची पानं डोक्याला बांधतात आणि झाडं वाचवायचा संदेश देऊन टाळ्या घेतात. त्या गाण्यात झाडाऐवजी हेल्मेट किंवा बचत खातं घातलं तरी चाल तशीच राहते. मुलांनी त्यासाठी एका झाडाचंही काही ऐकलेलं नसतं. शेफर यांनी मुलांसाठी केलेल्या रचना याच्या अगदी उलट वाटेने जातात. 1971 च्या 'मिनिवांका' या समूहगानात शब्द म्हणून आहेत ते उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी भाषांमधले पाऊस, ओढा, नदी, धुकं, समुद्र असे फक्त पाण्याचे शब्द. संगीतलिपीसुद्धा रेघा, ठिपके आणि लाटांची. स्वरलिपी न शिकलेलं मूलही ती बघून गाऊ शकतं. आणि गाणं कुठलाच उपदेश करत नाही. ते पावसाच्या थेंबापासून निघून समुद्राला मिळतं, इतकंच.

रेघांची ही लिपी आपल्या पक्ष्यांवर वापरून बघा. पावसाळ्याच्या तोंडावर पावशा 'पेर्ते व्हा' ओरडतो, ते प्रत्येक वेळी आधीपेक्षा वरच्या पट्टीत, आणि टोकाला जाऊन एकदम तुटतं. फळ्यावर त्याची चढत जाणारी रेघ कुठलंही मूल काढेल. तांबटाची रेघ याच्या उलट, सपाट. एकाच सुरात, एकाच लयीत, मिनिटाला शंभराच्या वर ठोके, आणि ते म्हणताना चोच चक्क बंद! दर ठोक्याला गळ्याच्या दोन्ही बाजूंची कातडी फुगते आणि बसते. मुलांना मध्य लय समजावून सांगायला मेट्रोनोम कशाला हवाय? भर दुपारी वडाखाली उभं करायचं. रातकिड्यांचा तर आणखी वेगळा उपयोग आहे. थंड रक्ताचे हे किडे गरम हवेत भराभर किरकिरतात, गारव्यात सावकाश. एमॉस डॉल्बेअर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 1897 मध्ये त्यावरून तापमान काढायचं सूत्रच लिहून ठेवलं. सूत्र तिकडच्या जातींचं आहे, म्हणून ते इथे जसंच्या तसं लागू होणार नाही. पण आपल्या अंगणातल्या रातकिड्याचं सूत्र मुलांनीच तयार करायला काय हरकत आहे? एक घड्याळ, एक तापमापक आणि आठवडाभराच्या संध्याकाळी.

हे सगळे आवाज एकत्र आणले की वर्गात रान उभं राहतं. एक गट रातकिडे, वरच्या पट्टीत अखंड. एक गट बेडूक, खर्जात. एक तांबट, एक पावशा, आणि मधूनच ओरडणारी टिटवी. थोड्या सरावात मुलांच्या लक्षात येतं, की आपल्याला ऐकू यायचं असेल तर दुसऱ्याने न घेतलेली पट्टी घ्यावी लागते किंवा त्याच्या दोन हाकांमधली रिकामी जागा. रानातही जवळपास हेच चालतं, असं अमेरिकेचे संगीतकार आणि ध्वनिमुद्रक बर्नी क्रॉस यांचं म्हणणं. त्यांची एक नोंद अस्वस्थ करणारी आहे. 1988 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत लिंकन मेडो या ठिकाणी निवडक वृक्षतोड व्हायची होती. मोजकीच झाडं काढू, परिसराला धक्का लागणार नाही, असा लाकूड कंपनीचा शब्द होता. क्रॉस यांनी तोडीआधी पहाटेचा आवाज टिपून ठेवला आणि वर्षभराने त्याच सुमारास, तशाच हवेत पुन्हा टिपला. छायाचित्रात कुरण पहिल्यासारखंच हिरवंगार दिसत होतं. ध्वनिमुद्रणात मात्र ओढा होता, एका सुतार पक्ष्याची टकटक होती आणि बाकी पोकळी. पुढची पंचवीस वर्षं ते तिथे पंधरा वेळा गेले. पहिली पहाट परत आली नाही.

आता वर्गातल्या रानात एक नवा गट सोडा: जनरेटर. खालच्या पट्टीत सलग घुर्र. पहिल्यांदा बेडूक बुडतात, कारण इंजिनाच्या आवाजाचा जोर खालच्या पट्टीतच असतो. बाकीच्यांना काही सूचना द्यायची नाही, फक्त सांगायचं की तुमची हाक पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचली पाहिजे. पोरं आपोआप तीन गोष्टी करतात. काही वरच्या पट्टीत जातात. काही सरळ ओरडतात. आणि एखादं हुशार पोर जनरेटर श्वास घ्यायला थांबतो तेवढी फट पकडतं.

आता शिक्षकाने खरी बातमी फोडायची. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट पक्षी रहदारीच्या जागी खालचे सूर टाळून वरच्या पट्टीत गातात, हे 2003 मध्ये छापून आलं. बर्लिनमधले नाइटिंगेल गोंगाटाच्या जागी आवाज चढवतात, हे 2004 मध्ये. आणि इंग्लंडच्या शेफील्डमध्ये दिवसा जिथे फार गलका असतो तिथले रॉबिन रात्री गातात, हे 2007 मध्ये. पक्ष्यांना सापडलेली तिन्ही उत्तरं वर्गातल्या मुलांनी पाच मिनिटांत, कुणी न शिकवता शोधलेली असतात. 2020 च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोची रहदारी थांबली, तेव्हा तिथल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो हळू आवाजात गाऊ लागल्या आणि तरी त्यांचं गाणं आधीपेक्षा लांब पोचू लागलं. हाही प्रयोग वर्गात होतो. जनरेटरला गप्प करा आणि किती वेळाने बेडूक पुन्हा तोंड उघडतात ते बघा.

शेवटी पेटीकडे येऊ. कुठल्या तरी कपाटात ती असतेच, भाता जरा फाटलेला असला तरी. शाळेतल्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद घ्या: जास्त पाऊस, वरची पट्टी, कमी पाऊस, खालची, कोरडा दिवस, विराम. जून-जुलै वाजवून बघा. शेतकऱ्याच्या मुलांना पावसाचा खंड म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण पेरणीनंतरचे पंधरा दिवस पेटी नुसती भाता हलवत गप्प राहते, तेव्हा दुबार पेरणीचा हिशोब माहीत असलेलं मूल तो विराम वेगळाच ऐकतं.

मिनेसोटा विद्यापीठातल्या डॅनियल क्रॉफर्ड या विद्यार्थ्याने 2013 मध्ये हेच सबंध पृथ्वीचं केलं. 1880 ते 2012, दर वर्षाला एक सूर, सारं चेलोवर. सर्वांत थंड 1909 साल चेलोच्या सर्वांत खालच्या सुरावर ठेवलं आणि साधारण 0.03 अंश सेल्सिअस वाढीला एक अर्धस्वर चढवला. तीन सप्तकांत सगळं बसलं. सुरुवातीला सूर खालीच रेंगाळतात, आणि शेवटच्या काही दशकांत डावा हात तारेवरून वर सरकत जातो तो परत येत नाही.

हेच प्रमाण आपल्या पेटीला लावून पाहा. साडेतीन सप्तकांच्या पेटीला 42 पट्ट्या. पहिल्या पट्टीवर 1909 ठेवलं, तर शेवटची पट्टी त्यापेक्षा सव्वा अंशाने गरम वर्षाची. आता नासाचे आकडे समोर घ्या. 2014 कसंबसं शेवटच्या पट्टीपाशी येतं. 2015 पासून पुढचं एकही वर्ष पेटीत मावत नाही. 1951 ते 1980 च्या सरासरीहून (1909 त्या सरासरीच्याही खाली होतं) सुमारे 1.28 अंशांनी गरम ठरलेलं 2024 वाजवायचं, तर पहिल्या पट्टीपासून सुमारे 58 अर्धस्वर चढावं लागेल, म्हणजे जवळजवळ पाच सप्तकं. पेटीचा खालचा सा 130 हर्ट्झच्या आसपास धरला तर हा सूर 3,700 हर्ट्झच्या घरात जातो. तेवढ्या उंचीचं वाद्य शाळेत सहसा एकच असतं, ते पीटीच्या सरांच्या गळ्यात अडकवलेलं. तेव्हा 2014 पर्यंत पेटी, नंतरची मधली वर्षं कुणाला बासरी येत असेल तर बासरीवर, आणि 2024 ला सरांना वर्गात बोलावून एकदा जोरात शिट्टी वाजवायला सांगायची.